मोठ्या माणसाची खुर्ची

आमच्या बालवाडीच्या खोलीत सतरा खुर्च्या आहेत. त्यातल्या सोळा माझ्या गुडघ्याच्याही खाली येतात. सतरावी मोठ्या माणसाची. लाकडी आहे, एक पाय किंचित आखूड, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली. घडी दर पंधरा दिवसांनी सरकते आणि मीच ती पुन्हा बसवते. ही खुर्ची या खोलीत आणायला मला पाच वर्षं लागली, आणि त्याआधी एक मोठी चूक करावी लागली. आज त्या चुकीबद्दलच लिहायचंय.

मी इथे मदतनीस शिक्षिका आहे, अकरा वर्षं झाली. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं निर्वासित कुटुंबांतली. मीही परक्या मुलखातच राहते, पण मी तिकीट काढून आले. काय न्यायचं आणि काय ठेवायचं याच्या याद्या केल्या, बॅगेचं वजन करून पाहिलं, विमानतळावर सगळ्यांच्या पाया पडले. सुरुवातीला या आयांना मी मोठ्या आपुलकीने सांगायची, ‘मीही बाहेरूनच आलेय हं.’ त्या मान डोलवायच्या. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तर ती चूक. सहा वर्षांपूर्वी तिग्रिन्या, म्हणजे इरिट्रिया आणि उत्तर इथिओपियातली भाषा, बोलणारी एक बाई आली. साडेतीन वर्षांचा मुलगा, पाठीशी बांधलेली सहा महिन्यांची मुलगी. नवं मूल आलं की निरोप लांबवायचा नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. आईने हसत जावं, मागे वळू नये, मूल पाच मिनिटांत खेळायला लागतं. पुष्कळ मुलांच्या बाबतीत हे खरंही ठरतं. मी तिच्या कोपराला हलकेच धरून तिला दारापर्यंत नेलं, हात हलवला आणि दार लावून घेतलं.

मुलगा रडला नाही. बूट ठेवायच्या फळीपाशी बसून राहिला. मधेच एकदा हळू आवाजात म्हणाला, ‘माय.’ माझ्या पोटात कालवलं. मी जवळ बसले, पाठीवरून हात फिरवला, ‘येईल हं आई, आत्ता येईल’ असं आमच्या बालवाडीच्या भाषेत म्हटलं आणि मग न राहवून मराठीतही म्हटलं. तो पुन्हा, ‘माय.’ अर्ध्या तासाने पुन्हा. मग बंद झाला. मी मोठ्या बाईंना सांगितलं, पहिल्याच दिवशी किती छान राहिला बघा.

बाराच्या सुमाराला कचरा टाकायला मी मागचं दार उघडलं, तर ती बाई तिथे भिंतीला टेकून पायरीवर बसलेली. बाळ मांडीवर झोपलेलं. बाहेर पाऊस, वर जेमतेम हातभर छज्जा. ती घरी गेलीच नव्हती. तिथून खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून मुलाचे बूट दिसत होते, नुसते बूट. अडीच तास ती त्या बुटांवर नजर ठेवून होती.

दुपारी फोनवरून दुभाषी मिळाली तेव्हा उलगडा झाला. तिग्रिन्या भाषेत ‘माय’ म्हणजे पाणी. पोराला तहान लागली होती. अडीच तास. पाण्याचा जग त्याच्यापासून चार पावलांवर होता आणि मी त्याची पाठ थोपटत बसले होते. चड्डीही ओली झाली होती, कारण शू लागली हेही सांगता येत नव्हतं आणि मोरी कुठे आहे ते दाखवायचं मला सुचलं नव्हतं.

दुभाषीने आईला हे सांगितल्यावर ती काय म्हणाली असेल? ‘टीचरने त्याला जवळ घेतलं, त्याबद्दल आभार.’ चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी जुन्या वह्या काढून बसले. शिकताना कधीतरी वाचलेलं सापडलं. लहान मुलांच्या मनाचा अभ्यास करणारी अ‍ॅना फ्रॉइड १९३८ मध्ये व्हिएन्नाहून लंडनला निघून आली, म्हणजे ती स्वतःच निर्वासित. युद्धाच्या काळात तिने आणि तिची सहकारी डोरोथी बर्लिंगहॅमने लंडनमधल्या हॅम्पस्टेडला मुलांसाठी निवारे चालवले. बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासून तुटणं लहान मुलांना जास्त लागतं, असं त्यांच्या ध्यानात आलं. आई शेजारी असेल तर मुलं बरंच काही निभावून नेत. मग त्यांनी मुलांचे छोटे छोटे गट केले, चार-पाच मुलं आणि त्यांची म्हणावी अशी एक बाई, घरासारखं. हे सगळं मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आणि प्रत्यक्षात काय केलं, तर दार लावलं.

जर्मनीत पुष्कळ ठिकाणी नव्या मुलाला बालवाडीत रुळवण्याची एक ठरलेली पद्धत आहे, बर्लिन पद्धत म्हणतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाबरोबर खोलीतच थांबतात, साधारण तासभर, आणि तासाभराने दोघं मिळून घरी जातात. त्या तीन दिवसांत मुलाला सोडून जायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा आई काही मिनिटं बाहेर जाऊन बघते. मूल शिक्षिकेकडून शांत होतं की नाही यावर पुढचे दिवस ठरतात, कॅलेंडरवर नाही. हे खास निर्वासितांसाठी काढलेलं नाही, सगळ्याच मुलांसाठी आहे. पण ज्या मुलाच्या आयुष्यात ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणून गेलेलं माणूस परत आलेलं नाही, त्याच्यासाठी ते तीन दिवस काय असतील याचा विचार करा.

मी मोठ्या बाईंकडे खुर्ची मागितली. आईला बसायला. त्या म्हणाल्या, आयांना बसवून घेतलं तर खोली म्हणजे चावडी होईल. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. पुढे एक आई आली ती सगळा वेळ फोनवरच होती. एक दुसऱ्यांच्या मुलांना दटावायची. दोघी एका गावच्या निघाल्या तर त्यांच्या गप्पांत गोष्टीचा तास वाहून जायचा. पण या गोष्टी सांगून सुटतात. पावसात बसलेल्या बाईचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. शेवटी कार्यालयातली मोडकी खुर्ची मिळाली. तीच ही, आखूड पायाची.

आईने खुर्चीवर फक्त बसायचं. तिला काम सांगायचं नाही, ‘जरा हे कातरा ना’ म्हणायचं नाही. (हा नियम मीच सगळ्यात जास्त मोडते.) मूल जाईल, येईल, मांडीला हात लावेल, पुन्हा जाईल. त्या मुलाच्या वेळी मी वहीत रेघा ओढत होते. पहिल्या दिवशी तासाभरात तो तेवीस वेळा खुर्चीपाशी आला. पाचव्या दिवशी नऊ. बाराव्या दिवशी वाळूच्या हौदातून त्याने नुसतं मान वर करून पाहिलं, आई आहे ना, आणि पुन्हा फावडं उचललं. त्या दिवशी वहीत रेघ ओढायची की नाही, हे मला ठरवता येईना.

आई खोलीत बसली की आणखी एक गोष्ट होते, ती मला अपेक्षित नव्हती. तिच्याकडून आपण शिकायला लागतो. मी तिच्याकडून दहा शब्द मागितले. पाणी, शू, दुखतंय, भीती वाटते, आई येणार आहे, झोप, थांब, आणखी हवं, नको, शाब्बास. ती म्हणायची आणि मी देवनागरीत लिहायची. आपली लिपी यासाठी फार सोयीची, जवळजवळ सगळं पकडते. घशातून येणारे दोन-तीन आवाज मात्र काही केल्या सापडेनात. ते मी म्हणायला गेले की ती तोंडावर पदर घेऊन हसायची. तोपर्यंत मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आता तिथे पाच भाषांचे कागद आहेत, सगळे देवनागरीत, माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. सहकारी याला माझी तिजोरी म्हणतात. रजेवर जाताना मला त्या सगळ्यांना ते वाचून दाखवावे लागतात.

भाषेवरून आठवलं. आमच्यातल्याच एकीने, अगदी मनापासून, एका आईला सल्ला दिला होता की घरीही मुलाशी इथलीच भाषा बोला, म्हणजे तो लवकर शिकेल. ती आज्ञाधारक. तिने ऐकलं. तिला इथली भाषा येत होती चाळीसेक शब्द. ये, जा, बूट, चल, नको, झोप. चाळीस शब्दांत आई होता येत नाही हो! तिच्या स्वतःच्या भाषेत ती मुलाला रागवू शकत होती, चिडवू शकत होती, त्याच्या आजोबांची नक्कल करून दाखवू शकत होती. ते सगळं बंद झालं. चार महिन्यांनी मूल दोन्हीकडे गप्प. तो सल्ला परत घ्यायला आम्हाला दुभाषीची तीन सत्रं लागली, कारण शिक्षिकेचं पहिलं वाक्य खोटं होतं हे तिला पटेना.

नव्या भाषेत पडलेलं तीन-चार वर्षांचं मूल काही आठवडे, कधी काही महिने बोलतच नाही, हे तसं नेहमीचं आहे. ते ऐकत असतं, साठवत असतं. त्या काळात त्याच्याशी बोलत राहायचं, उत्तराची वसुली करायची नाही. पण घरची भाषा भक्कम असेल तर दुसरी तिच्या आधाराने उभी राहते, म्हणून आईने आपल्याच भाषेत बोलावं, भरपूर बोलावं. हे आता मी पहिल्याच दिवशी सांगते, दुभाषीमार्फत. थोरल्या बहिणीमार्फत नाही. आठ वर्षांच्या मुलीला आईच्या झोपेबद्दल, घरातल्या भांडणाबद्दल भाषांतर करायला लावणं हा आमच्याकडे पूर्वी सर्रास चालणारा प्रकार होता, सोय म्हणून.

अर्जाचंही सांगितलंच पाहिजे. प्रवेशाचा अर्ज चार पानी. त्यात एक चौकट असते, ‘तातडीच्या वेळी संपर्क : दोन व्यक्ती’. पहिली आई स्वतः. दुसरी? ती पेन धरून बसते. या शहरात तिला दुसरं कुणी माहीतच नाही. मी कितीतरी वर्षं ‘राहू द्या, नंतर भरा’ म्हणत आले. जन्मतारखेच्या रकान्यात एक जानेवारी. पुढच्या अर्जावरही एक जानेवारी. कागदपत्रं नसली की नोंद करताना पुष्कळदा तीच तारीख घातली जाते. आमच्या भिंतीवर वाढदिवसांचा तक्ता होता, बारा फुगे, बारा महिने. एका वर्षी जानेवारीच्या फुग्यात पाच नावं कोंबलेली आणि एक शहाणी मुलगी बोट ठेवून विचारते, यांचा सगळ्यांचा एकदम कसा? तक्ता काढला. आता मी आयांना विचारते, पाऊस होता का, थंडी होती का, तेव्हा कुठे होतात. एका आईने सांगितलं, रस्त्यात होतो. एवढंच. मी पुढे विचारलं नाही.

फोटोच्या परवानगीवरही आम्ही आधी भराभर सह्या घ्यायचो. मागे राहिलेल्या भावाला त्रास होईल या भीतीने एखादी आई मुलाचा चेहरा कुठेही नको म्हणते, आणि ती भीती खरी असू शकते. तिने कारण सांगितलंच पाहिजे असं नाही.

आणि घंटा. आगीचा सराव नियमाने करावाच लागतो. खुर्चीवर एक आई बसलेली असताना तो झाला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. घंटा वाजताच तिने स्वतःचं मूल, शेजारची दोन मुलं अशी तिघं उचलली आणि टेबलाखाली शिरून त्यांच्यावर पालथी पडली. आम्ही सगळ्या दाराकडे चाललेलो, रांगेत, हातात हजेरीची वही. तिला बाहेर काढायला वेळ लागला. त्यानंतर सरावाच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्या आयांना सांगतो, घंटा आधी हळू आवाजात ऐकवतो, मुलांना बटण दाबू देतो. मुलांना ते भयंकर आवडतं, आता मागेच लागतात.

बायांना भाषेच्या वर्गाला जायचं असतं, जावंच लागतं. वर्ग सकाळी नऊ ते बारा, दुसऱ्या टोकाला. आमची बालवाडी उघडते साडेनऊला. शिवाय दोन वर्षांच्या आतलं बाळ आम्ही घेऊ शकत नाही. म्हणजे जिच्या पदरात दोन लहान मुलं, तिचं शिकणं दोन-तीन वर्षं मागे पडतं, आणि नवरा शिकून पुढे जातो. ऑस्ट्रेलियात स्थलांतरितांसाठी इंग्रजीचे जे सरकारी वर्ग आहेत, त्यात वर्गाच्या वेळेत शाळेआधीच्या वयाच्या मुलांची सोय फुकट केलेली असते. ती सोय म्हणजे मेहेरबानी नाही, तिच्याशिवाय वर्ग अर्धे रिकामे राहतील. आम्ही पत्रं लिहून लिहून आठवड्यातून दोन सकाळी भाषेच्या बाईंना आमच्या शेजारच्या खोलीत आणलं. मधलं दार उघडं. रांगणारी बाळं दोन्हीकडे. अभ्यासक्रमात पहिला धडा असायचा, ‘माझे नाव, माझा देश’. बायांनी सांगितलं, आम्हाला आधी ताप, पुरळ, उशीर होईल, उद्या येणार नाही, हे शिकवा. देशाबद्दल नंतर बोलू.

वरच्या पातळीवर हे सगळं फटीत पडतं, असं मला वाटत आलंय. निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या करारात शिक्षणाचं कलम आहे, बाविसावं, पण त्यात ठाम वचन आहे ते प्राथमिक शिक्षणाचं. तीन वर्षांचं मूल त्यात कुठे बसणार? बालहक्कांच्या १९८९ च्या करारात मात्र मूल वाढवणाऱ्या आईबापांना मदत करणं हे सरकारचं काम म्हणून लिहिलंय, आणि शिक्षणात मुलाच्या स्वतःच्या भाषेचा, संस्कृतीचा मान राखावा हेही. जगात घरदार सोडावं लागलेल्यांत सुमारे ४० टक्के मुलं आहेत. त्यांच्यातली किती अजून शाळेच्या वयाची नाहीत, हे कुठल्याही खोलीत डोकावलं तरी दिसतं.

ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात आले. तिथल्या कॉक्स बाझारच्या छावण्यांत ब्रॅक या बांगलादेशी सेवाभावी संस्थेने लहान मुलांसाठी खेळघरं काढली, त्यात रोहिंग्यांचीच गाणी, त्यांचेच खेळ गोळा करून घेतले, आणि छावणीतल्या बायकांना त्यात सामील करून घेतलं. हे वाचताना मला ताराबाई मोडक आठवल्या. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, आणि मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हे करून दाखवलं. अंगण आईचं असतं. तिथे पाहुणी असते ती शिक्षिका. आमच्याकडे उलट आहे, आणि एका खुर्चीने ते पुरतं सुलट होत नाही, हे मला कळतं.

तो ‘माय’वाला मुलगा नंतर उत्तम रमला. त्याची आई दीड वर्ष आमच्याकडे आली. दुसऱ्या वर्षी एक नवी आई पेन धरून त्या चौकटीपाशी अडली होती, तेव्हा हिने खुर्चीवरूनच हात लांब करून स्वतःचा फोन नंबर लिहून दिला. मला न विचारता. मी नियम पाहिला, चालत होतं.

मग एका गुरुवारी ते आले नाहीत. शुक्रवारीही नाही. त्यांना दुसऱ्या शहरात घर मिळालं होतं, दोन दिवसांत निघावं लागलं. असं होतं, दर वर्षी दोन-तीन घरांचं होतं. त्याची चित्रं, रबरी बूट आणि एक निळी गाडी आमच्याकडेच राहिली. नव्या शाळेचा पत्ता मिळवायला तीन आठवडे गेले. मी एक पानभर पत्र लिहिलं, त्यांच्या शिक्षिकेला. तो कशाने शांत होतो, गोष्ट ऐकताना कुठे बसतो, मोठा आवाज झाला की काय करतो. खाली दहा शब्द, या वेळी देवनागरीत नाही. पहिलाच शब्द पाणी. त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. उत्तर आलं नाही. बूट पोचले असावेत.

पुढच्या सोमवारी दोन नव्या आया येणार आहेत, दोघींची मुलं तीन वर्षांची. मोठी खुर्ची एकच. दुसरी मागितली तर मोठ्या बाई म्हणाल्या, लेखी द्या. दिलंय. तोवर पुठ्ठा बदलला आणि माझ्या टेबलामागचं स्टूल पुसून ठेवलंय.